हाडांची निगा कशी राखावी

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा आईच्या हाताला लागेनासा झाला, तेव्हा फळी खाली घेऊन आम्ही तो विषय संपवला. पाठ दुखते ही तिची तक्रार वयाच्या खात्यावर टाकून आम्ही मोकळे झालो होतो. पुढे वेगळ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये तिचे दोन मणके समोरच्या बाजूने चेपलेले दिसले. ती पडली नव्हती, तिला मार लागला नव्हता, तिने जड काही उचलल्याचेही आठवत नव्हते. हाडे आतून विरळ झाली होती आणि शरीराच्या वजनानेच मणके दबले होते. फळीचा डबा हाताला लागत नाही याचा अर्थ त्या वेळी कळला असता, तर उपचार बरेच आधी सुरू झाले असते. म्हणून हाडांची काळजी कशी घ्यावी हे सांगताना मी गोळ्यांपासून किंवा आहारापासून सुरुवात करत नाही. मी उंची मोजण्यापासून करतो.

उंची मोजण्याची रीत सोपी आहे, पण ती प्रत्येक वेळी तशीच पाळावी लागते. सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले असावेत आणि नजर सरळ समोर असावी, कारण हनुवटी वर उचलली की मोजमाप चुकते. दुसऱ्या व्यक्तीने जाड पुठ्ठ्याचे पुस्तक डोक्यावर आडवे ठेवावे, त्याची कडा भिंतीला काटकोनात चिकटवावी आणि पुस्तकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी. असे तीनदा करून सरासरी काढावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. सकाळची वेळ धरण्याला कारण आहे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर शरीराचा भार पेलताना दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एखाद्या सेंटिमीटरने कमी भरते, त्यामुळे एका वर्षी सकाळी आणि पुढच्या वर्षी संध्याकाळी मोजल्यास नसलेला फरक दिसतो. वयाच्या पन्नाशीनंतर हे मोजमाप वर्षातून एकदा करावे. तरुणपणीच्या उंचीपेक्षा सुमारे 4 सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, अथवा आधी मोजलेल्या उंचीपेक्षा 2 सेंटिमीटर कमी भरत असेल, तर डॉक्टरांना दाखवून मणक्यांची तपासणी करून घ्यावी. भिंतीला टाचा लावून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, तर तीही नोंद त्यांना सांगावी. पाठीला पोक येत असल्याची ती खूण असू शकते.

हाड म्हणजे काय

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारणपणे 206 हाडे असतात. जन्मतः ती सुमारे 270 ते 300 असतात आणि वाढीच्या वयात त्यांतली अनेक एकमेकांना जुळून एक होतात. कानातले रिकिबीच्या आकाराचे हाड जेमतेम 3 मिलिमीटरचे, तर मांडीचे हाड माणसाच्या उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश लांबीचे असते. हे आकडे शाळेत पाठ झालेले असतात. मात्र निगा राखायची तर हाड जिवंत आहे ही गोष्ट त्यांहून अधिक कामाची आहे. वजनाच्या हिशेबाने हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरसयुक्त खनिजाचा असतो आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन व पाणी असते. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो आणि कोलॅजनमुळे किंचित लवचीकपणा. नुसते खनिज असते तर हाड खडूसारखे तुटले असते. नुसते कोलॅजन असते तर ते वाकले असते.

या हाडात तोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करत असतात. तोडणाऱ्या पेशी जुने, बारीक तडे गेलेले हाड विरघळवतात, त्यामागून बांधणाऱ्या पेशी येऊन खड्डा भरतात, आणि एका जागेचे हे काम पुरे व्हायला काही महिने लागतात. प्रौढ वयात दर वर्षी सांगाड्याचा अंदाजे दहावा हिस्सा अशा रीतीने नवा होतो. साधारण तिशीपर्यंत बांधकाम तोडण्याच्या पुढे असते, नंतर काही वर्षे दोन्ही बरोबरीने चालतात, आणि त्यापुढे तोड थोडी थोडी वरचढ होते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि तोडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, त्यामुळे पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. काहींच्या बाबतीत ही घट 20 टक्क्यांपर्यंत जाते. किशोरवयात आणि विशीत जमा केलेली पुंजी पुढे किती महत्त्वाची ठरते, ते यावरून लक्षात यावे.

हाडे ही शरीराची कॅल्शियमची कोठीही आहेत. शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेले एक टक्का रक्तात आणि इतर पेशींत असते, आणि हृदयाचे ठोके व स्नायूंचे आकुंचन त्यावर अवलंबून असते. रक्तातली पातळी जराशी खाली आली तरी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडून हाडांतून कॅल्शियम काढून घेतात. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम तपासून ते ठीक आले, एवढ्यावर हाडे ठीक आहेत असे म्हणता येत नाही. कोठी रिकामी होत असतानाही रक्ताचा आकडा सुरेख राहतो. हा गैरसमज मला इतक्या घरांत आढळला आहे की तो मुद्दाम येथे नोंदवत आहे.

हाडांवर भार द्यावा

हाडाला ज्या दिशेने भार मिळतो त्या दिशेने ते स्वतःला मजबूत करते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. टेनिस खेळाडूंच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते. याउलट अंतराळात वजनविरहित अवस्थेत राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता व्यायाम केला नाही तर महिन्याला एक टक्क्याहून अधिक घटू शकते. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्थिती फारशी वेगळी नसते.

यातून व्यायाम निवडण्याचे सूत्र मिळते. पाय जमिनीवर असावेत आणि शरीराचे वजन हाडांवर यावे. भरभर चालणे, जिने चढणे, नृत्य, धावणे, दोरीवरच्या उड्या हे व्यायाम या सूत्रात बसतात. पोहणे आणि सायकल चालवणे हृदयासाठी उत्तम आहे, पण त्यांत हाडांवर भार कमी येतो, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये. चालण्याचाही उपयोग मर्यादित आहे हे स्पष्ट सांगायला हवे. रोजच्या संथ फेरीची हाडांना सवय झालेली असते आणि सवयीच्या भाराला हाड नव्याने प्रतिसाद देत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम त्यात मिळवावा आणि त्याचा भार काही आठवड्यांनी हळूहळू वाढवत न्यावा.

ज्यांनी कधी व्यायाम केला नाही त्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले खांद्याइतकी दूर, गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवावीत, हात छातीवर दुमडावेत, धड कमरेतून पुढे झुकवावे आणि टाचांवर जोर देऊन उभे राहावे. खाली बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत सावकाश बसावे, कारण स्नायूंना खरा कस या उतरत्या टप्प्यात लागतो. सलग पाच वेळा उठून बसायला 15 सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांतली ताकद कमी झाली आहे असे समजावे आणि हाच व्यायाम दिवसातून दोनदा, आठ-दहा वेळा करत जावे. ते सहज जमू लागले की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्यावी.

ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे त्यांनी पाठ गोलाकार वाकवून पायांची बोटे धरणे, पोटासाठी झोपून धड उचलणे आणि कमरेला झटक्याने पीळ देणे टाळावे. या हालचालींत मणक्याच्या पुढच्या कडेवर मोठा दाब येतो. जमिनीवरची वस्तू उचलताना पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाकावे व वस्तू अंगाजवळ धरावी. अशा व्यक्तींनी व्यायाम सोडू नये. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा आणि चालू ठेवावा.

कॅल्शियमचा हिशेब

प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. वाढीच्या वयातल्या मुलांसाठी 1300 मिलिग्रॅमपर्यंत, आणि पन्नाशीनंतर स्त्रियांसाठी व सत्तरीनंतर सर्वांसाठी 1200 मिलिग्रॅमची शिफारस अनेक ठिकाणी केली जाते. आपल्या पोटात किती जाते हे एका दिवसाच्या नोंदीतून कळते. 250 मिलिलिटर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम मिळते आणि वाटीभर दह्यातून 150 ते 200. सायीत कॅल्शियम नसल्यातच जमा असते, त्यामुळे साय काढलेल्या दुधातही ते तितकेच राहते. जे दूध घेत नाहीत त्यांनी कॅल्शियम मिसळलेले सोयाबीनचे दूध, कॅल्शियमने गोठवलेला टोफू, काट्यांसकट खाता येणारे लहान मासे, कोबी व ब्रोकोली यांचा विचार करावा. पालकात कॅल्शियम दिसायला भरपूर असते, पण त्यातले ऑक्झलेट ते बांधून ठेवते आणि जेमतेम 5 टक्के शोषले जाते. दुधातले सुमारे 30 टक्के शोषले जाते. पालक खावाच, पण या हिशेबात धरू नये.

प्रथिने अपुरी असतील तर कॅल्शियम बसवायला चौकटच उरत नाही. वृद्ध माणसांचे जेवण कमी होत जाते तेव्हा पहिला घास डाळी, अंडी, मासे किंवा दुग्धजन्य पदार्थांचा असावा, पिष्टमय पदार्थांचा नंतर. जास्त मिठामुळे लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते, म्हणून मीठही बेताने घ्यावे. धूम्रपानाने हाडे विरळ होतात आणि मोडलेले हाड जुळायला उशीर लागतो. नियमित मद्यपानाने हाडे तर कमजोर होतातच, शिवाय तोलही जातो.

आहारातून कॅल्शियम पुरत असेल तर गोळी घेऊ नये. कमी पडत असेल तर जेवढे कमी पडते तेवढेच गोळीतून घ्यावे. डबीवरचे लेबल येथे नीट वाचावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्के असते, म्हणजे 1250 मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीतून 500 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. सायट्रेटमध्ये ते प्रमाण 21 टक्के असते. कार्बोनेट शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यावी. सायट्रेट केव्हाही चालते आणि आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी औषधे घेणाऱ्यांना ते अधिक सोयीचे पडते. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेण्यात अर्थ नाही, कारण शोषण कमी होते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळीही कॅल्शियमसोबत घेऊ नये. मूतखडा होऊन गेलेल्यांनी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मात्र खड्याच्या भीतीने दूध-दही बंद करू नये, कारण आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकते आणि त्यामुळे खड्याचा धोका वाढत नाही.

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील ब किरणांनी त्वचेत तयार होते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचे ऊन यासाठी उपयोगी. सकाळचे कोवळे, लांब सावल्यांचे ऊन सुखद असले तरी त्यात ही किरणे फार थोडी असतात, आणि खिडकीच्या काचेतून ती जवळजवळ येतच नाहीत. त्वचा जितकी सावळी तितका वेळ अधिक लागतो. त्वचा लाल होण्याइतके मात्र थांबू नये. घराबाहेर न पडणाऱ्यांना, अंग पूर्ण झाकणाऱ्यांना आणि वृद्धांना उन्हातून पुरेसे मिळणे अवघड असते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी. प्रौढांसाठी रोजची गरज 600 ते 800 आंतरराष्ट्रीय एकके इतकी मानली जाते. आठवड्याला एक अशी दिलेली मोठ्या मात्रेची गोळी चुकून रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, म्हणून ती घेण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

तपासणी कोणी आणि कोणती करावी

हाडे विरळ होण्याची क्रिया दुखत नाही. हाड मोडेपर्यंत ती कळतही नाही. त्यामुळे पासष्टीपुढच्या स्त्रियांनी डेक्सा ही घनतेची तपासणी एकदा तरी करून घ्यावी. पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली असेल, आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले असेल, तीन महिने किंवा अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, वजन फार कमी असेल किंवा संधिवातासारखा दीर्घ आजार असेल, तर त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. हाडांचा ठिसूळपणा पुरुषांनाही होतो आणि त्यांच्यात तो बहुधा उशिरा ओळखला जातो.

डेक्सामध्ये कंबर व खुब्याचे अतिशय कमी मात्रेचे एक्स-रे घेतात. निकाल टी-स्कोअर या आकड्यात येतो. निरोगी तरुण माणसाच्या हाडांच्या तुलनेत आपली घनता कुठे आहे ते हा आकडा दाखवतो. उणे 1 किंवा त्यावर घनता ठीक, उणे 1 ते उणे 2.5 यांच्या दरम्यान कमी, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ झालेली. उभ्याने किंवा किरकोळ पडून खुबा किंवा मणका मोडला असेल, तर स्कोअर काहीही आला तरी हाडे ठिसूळ आहेत असेच धरून उपचार करतात. शिबिरांत टाच यंत्रात ठेवून केलेल्या चाचणीवरून निदान ठरत नाही आणि औषधही सुरू करू नये.

पडणे टाळावे

खुब्याचे हाड मोडण्याच्या बहुतेक घटनांत माणूस पडलेला असतो. रात्री बिछान्यापासून शौचालयापर्यंतची वाट स्वतः अंधारात चालून पाहावी. कुठे गालिच्याची कडा उचललेली आहे, कुठे विजेची तार आडवी आहे, दिव्याचे बटण कितव्या पावलाला हाताशी येते, हे तेव्हाच कळते. त्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. शौचालयात व न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा असावा. टॉवेल अडकवण्याची नळी आधार म्हणून धरू नये, ती वजन पेलत नाही. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी उठताना आधी बिछान्याच्या कडेला बसून मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे. चष्म्याचा नंबर वर्षातून एकदा तपासावा. तोल सुधारण्यासाठी ओट्याला किंवा जड टेबलाला हात टेकून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव रोज करावा आणि जमेल तसा आधार कमी करावा.

हाड मोडल्यास

सूज, तीव्र वेदना, अवयव वाकडा दिसणे किंवा त्यावर भार न देता येणे, यांपैकी काही असेल तर हाड मोडले आहे असे समजूनच वागावे. वाकडा भाग ओढून सरळ करू नये, चोळू नये. दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशा बेताने फळी किंवा जाड पुठ्ठा कापडात गुंडाळून बांधावा. बांधल्यावर बोटे थंड, निळी किंवा बधिर होत असतील तर बांधणी लगेच सैल करावी. हाड बाहेर आले असेल तर आत ढकलू नये, त्यावर स्वच्छ कापड ठेवून रक्तस्राव थोपवावा. मान किंवा पाठीला मार असल्यास जागचे हलवू नये व रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये.

मनगटाचे हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात. प्लास्टर निघाले की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पन्नाशीनंतरच्या माणसाच्या बाबतीत चूक बहुधा येथेच होते. एक हाड सहज मोडले की दुसरे मोडण्याचा धोका पुष्कळ वाढलेला असतो. प्लास्टर काढायला जाताना डॉक्टरांना घनतेच्या तपासणीबद्दल आणि औषधाबद्दल स्पष्ट विचारावे. हाडांची तोड रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट या औषधाची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, तर ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे होऊ नये आणि काही खाऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. दात काढायचा असेल तर या औषधाची माहिती दंतवैद्यांना आधी द्यावी. त्याच कामाचे, सहा महिन्यांनी एकदा घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर पुढची तारीख चुकवू नये आणि ते आपल्या मनाने थांबवूही नये. त्याचा परिणाम ओसरताच हाडे वेगाने विरळ होतात व एकापाठोपाठ अनेक मणके चेपण्याचा धोका असतो. ते बंद करायचे ठरल्यास त्याच्या जागी कोणते औषध आणि केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.